पाच पायऱ्यांनी बोलायचा साचा: एक खरीप वापरून झाल्यावर

मे महिन्यापासून गावबैठकांत बोलताना मी एक साचा वापरतोय. एका प्रशिक्षणात कागदावर मिळाला. मूळ अमेरिकेतलं, पर्ड्यू विद्यापीठातल्या ॲलन मनरो यांनी 1930 च्या दशकात तो बसवला. आधी लक्ष वेधा, मग अडचण दाखवा, मग उपाय सांगा, उपाय केला तर काय आणि नाही केला तर काय याचं चित्र उभं करा आणि शेवटी नेमकं काय करायचं ते मागा. मी लातूर जिल्ह्यात सहायक कृषी अधिकारी आहे, 2025 पर्यंत या पदाला कृषी सहायक म्हणायचे. त्यामुळे हा अनुभव पारावरचा आणि समाजमंदिरातला. एसी हॉलमधल्या भाषणांबद्दल मी बोलू शकत नाही.

विषय एकच धरला होता: घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता तपासणी, म्हणजे 100 दाण्यांतले किती उगवतात ते पेरणीआधी बघणं. शिफारस जुनी, सोपी, बिनखर्ची. तरी दरवर्षी लोक माना डोलवायचे आणि पाऊस पडला की थेट पेरणीला लागायचे.

पहिली पायरी आमच्याकडे जपून वापरावी लागते. इथला श्रोता कच्चा नाही. गावोगावच्या सप्ताहात कीर्तनं ऐकून त्याचा कान तयार झालेला असतो, बुवा कुठं ताणतोय हे त्याला लगेच कळतं. ‘तुम्हाला ठाऊक आहे का?’ अशी नाटकी सुरुवात केली की मागच्या रांगेत तंबाखूची पुडी निघते. दुसरी पायरी तर मी जवळजवळ गाळूनच टाकली. 2020 च्या खरिपात बियाणं उगवलं नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारींचा ढीग लागला होता. ते साल नुसतं उच्चारलं तरी पुरतं. ज्यानं दुबार पेरणी भोगलीय त्याला दुबार पेरणीचं भय मी काय घालणार?

खरा फरक पडला तो चौथ्या पायरीत. कागदावर म्हटलं होतं, शब्दांनी चित्र उभं करा. मी शब्द बाजूला ठेवले. आदल्या आठवड्यात त्याच गावातल्या एकाच्या पोत्यातले 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायला लावायचे आणि बैठकीत ती गुंडाळी सगळ्यांदेखत उलगडायची. मोजणी मी करत नाही. एखाद्या जाणत्या मामांना पुढं बोलावतो. ते मोजायला लागले की सगळा पार त्यांच्याबरोबर आकडे म्हणतो. 70 किंवा वर आले तर एकरी 30 किलो बियाणं. 60 आले तर 35 किलो. एवढं सांगितलं की हिशोब लोकच करतात. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, पोतं आपटलं की अंकुर दुखावतो, हे आधी कितीदा बोललो असेन. पण कुजके, न फुटलेले दाणे हातात घेऊन ‘हमाल पोती कशी टाकतेत बघितलाव का’ असं त्यांच्यातलाच कुणी म्हणतो तेव्हा माझं काम संपलेलं असतं.

पाचव्या पायरीत मागणं लहान ठेवावं. बीजप्रक्रिया करा म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळा, रुंद सरी वरंब्यावर पेरा, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय घाई करू नका, सगळं एका दमात सांगितलं तर एकही होत नाही. म्हणून फक्त इतकंच मागतो: उद्या सकाळी पोत्यात वर-मध्ये-खाली हात घालून 100 दाणे काढा. महिला बचत गटांत हे सगळ्यात लवकर उचललं गेलं. घरात बियाणं निवडणं, साठवणं बायकाच करतात. त्यांना पटवायला मला दोन पायऱ्या कमीच लागल्या. बचत गटांच्या या बैठका आधीच का घेत नव्हते, हे आमच्या खात्यालाच विचारावं लागेल.

साच्याची मोठी उणीव म्हणजे मध्येच उठणाऱ्या माणसाला त्यात जागा नाही. ‘साहेब, समदं खरं हाय, पण इम्याचं काय झालं?’ हा प्रश्न प्रत्येक गावात येतो आणि 2025 मध्ये एक रुपयातला पीक विमा बंद झाल्यापासून तर आणखी जोरात येतो. साच्याप्रमाणे चाललात तर तो नेमका चित्र रंगात आलेलं असताना येतो. मी आता बैठकीची सुरुवातच विम्यापासून करतो. माहीत आहे तेवढं सांगायचं, बाकीचं कुणाकडं विचारायचं ते सांगायचं, मग गोणपाट. लक्ष वेधायला याहून चांगली सुरुवात मला सापडलेली नाही.

कार्यालयात मात्र हा साचा वापरू नका. मासिक आढावा बैठकीत पायऱ्या चढत बसलं तर तिसऱ्या पायरीला साहेब घड्याळ बघतात. तिथं उलटं: मागणी पहिल्या वाक्यात, कारण दुसऱ्यात, आकडे विचारले तर. गोणपाटं आणि बैठकीसाठी संध्याकाळची वेळ, दोन्ही मला असंच मिळालं. दुपारी शेतकरी पारावर नसतो हे पटवायला लांब भाषण लागत नाही.

ज्यांना लोकांसमोर बोलताना कुठून सुरू करावं आणि कुठं थांबावं तेच सुचत नाही, त्यांनी हे जरूर वापरून बघावं; थांबायची जागा तरी पक्की कळते. बोलायची भीती यानं जात नाही, ती सवयीनंच जाते. सध्या हरभऱ्याच्या मर रोगासाठी ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची बीजप्रक्रिया हा विषय घेतोय. तिथं चौथी पायरी अडलीय, कारण बुरशी काही गोणपाटात मोजून दाखवता येत नाही. गेल्या वर्षी प्रक्रिया केलेलं आणि न केलेलं शेजारी-शेजारी पेरलेला एक शेतकरी शोधतोय. मिळाला तर बैठक त्याच्या बांधावरच घेईन.