डी लिंके की वागेनक्नेश्ट?

बर्लिनमधल्या मित्राला नुकतंच जर्मन नागरिकत्व मिळालं. मत डाव्यांनाच द्यायचं हे नक्की, पण कोणत्या डाव्यांना? जुन्या डी लिंके पक्षाला, की त्यातून फुटलेल्या झारा वागेनक्नेश्ट यांच्या बीएसडब्ल्यू पक्षाला? पोस्टरवर दोन्हीकडे 'शांतता' आहे, ती सोडून देऊ.

पैशाचं पाहिलं तर किमान वेतन दोघांनाही वाढवायचंय. घरभाड्यावर लगाम आणि १९९७ पासून बंद असलेला संपत्ती कर यांवर जोर डी लिंकेचा जास्त.

खरी फाटाफूट युद्धावर. युक्रेनला शस्त्रं नकोत, इथे एकमत. पण डी लिंके रशियाला आक्रमक म्हणते, सैन्य मागे घ्या म्हणते. २०२४ मध्ये निघालेल्या बीएसडब्ल्यूला रशियावरचे निर्बंध उठवून तिथला गॅस परत हवाय. मात्र मार्च २०२५ मध्ये ब्रेमेन राज्याच्या सरकारात बसलेल्या डी लिंकेनं राज्यांच्या सभागृहात संरक्षणखर्चाच्या कर्जाला वाट करून दिलीच!

निर्वासितांबाबत बीएसडब्ल्यू कडक, डी लिंके आश्रयाच्या हक्काच्या बाजूची.

ताकद? फेब्रुवारी २०२५ च्या संसदीय निवडणुकीत डी लिंके ८.८ टक्के; बीएसडब्ल्यू ४.९८, संसदेत जायला लागणाऱ्या पाच टक्क्यांच्या अटीखाली, म्हणजे संसदेबाहेर.

भाडं आणि स्थलांतरितांचे हक्क महत्त्वाचे असतील तर डी लिंके. मॉस्कोशी लगेच तडजोड हवी आणि स्थलांतर कमी हवं, तर बीएसडब्ल्यू. मित्र स्वतः भाडेकरू आणि स्थलांतरित, त्यामुळे मी पहिलंच सुचवलं.