किटमधून जोडलेली टेलिकास्टर: तिन्ही ऋतू वाजवून झाल्यावर

सुट्या भागांच्या किटमधून गिटार स्वतः जोडली म्हटलं की लोक आधी रंगाचं विचारतात. रंग छान झालाय, पण ही गिटार आज रोज हातात घ्यावीशी वाटते ती नट (दांड्याच्या टोकाची, तारा खाचांत धरणारी पट्टी) आणि फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) यांवर केलेल्या कामामुळे. किट घेणाऱ्यांना मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

मी टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या धर्तीचं किट निवडलं, कारण जोडायला ही रचना सगळ्यात सरळ. लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात त्याने बाजारात आणलेल्या या गिटारचा नेक, म्हणजे दांडा, सरसाने चिकटवलेला नव्हता, चार स्क्रूंनी बसवलेला होता. बॉडी म्हणजे सपाट फळी. म्हणून तर हे काम घरच्या टेबलावर होतं.

बासवुड या लाकडाची बॉडी मऊ असते, नखानेही वळ उठतो. १२० पासून ४०० नंबरपर्यंत पॉलिश पेपर मारला आणि तेलाचे पातळ हात दिले. ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा धरणारा भाग, बसवताना मात्र घाई नको. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत पावणेतेरा इंच, आणि तिथून सॅडलपर्यंत (ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे) जवळपास तेवढंच. दोन्ही कडांच्या तारांच्या जागी दोरा ताणून बघा. तो नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर आला की मगच ड्रिल.

आता नट. किटमधल्या नटच्या खाचा बहुधा उथळ असतात. ट्यूनर मोकळ्या तारा बरोबर दाखवतो, तरी सी कॉर्ड बेसूर लागते, कारण पहिल्या फ्रेटवर दाबताना तार जास्त ताणली जाते. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा; पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट दिसली पाहिजे. तिथवर खाच कानसीने हळूहळू उतरवायची. फ्रेटचंही तसंच. शेजारच्या तीन फ्रेटवर छोटी सरळ पट्टी ठेवा. डुगडुगली तर मधला उंच आहे. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळा फरक इथेच पडतो. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची पावणेदोन मिलिमीटरपर्यंत आणली, तरी कुठे खरखर नाही.

वायरिंग सोपं. ब्रिजखालची अर्थची तार नीट टेकलेली हवी. बॉडीतल्या वायरिंगच्या खाचांना आतून तांब्याची टेप लावल्यावर भणभण बरीच कमी झाली. सिंगल-कॉइल पिकअपची (तारांचा आवाज टिपणारा, एकाच वेटोळ्याचा चुंबकी भाग) थोडी घुमघुम राहतेच.

पुण्यातल्या हवेने नेकची परीक्षा घेतली. एप्रिलच्या कोरड्या दिवसांत लाकूड आकसलं आणि फ्रेटची टोकं तळहाताला टोचू लागली; कानसीने गोल केली, पुन्हा त्रास नाही. पावसाळ्यात नेक किंचित वाकला, तारा उचलल्या गेल्या. ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळईला, थोडासा पीळ दिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. पूर्वी एवढ्यासाठी गिटार दुकानात ठेवून यावी लागे.

आवाज टणक, स्वच्छ. ब्रिजचा पिकअप मला जरा कर्कश वाटतो, म्हणून टोनचं बटण सातवर ठेवते. दोन्ही पिकअप एकत्र मात्र फार गोड. भावगीतांच्या साथीला मी तेच वापरते. सॅडल तीनच, प्रत्येकावर दोन तारा, त्यामुळे वरच्या फ्रेटवर सूर अगदी काटेकोर जुळत नाहीत. सहा सॅडलचा ब्रिज मिळत असेल तर तोच घ्या.

पैसे वाचवायला किट घेऊ नका. नटच्या कानशी, फ्रेटची साधनं, तेल, टेप धरलं तर तयार गिटारएवढा खर्च सहज होतो. गिटारची देखभाल शिकायची असेल तर जरूर घ्या, आणि साधनं दोघा-तिघांत मिळून घ्या. एका गिटारनंतर ती बराच काळ पडूनच राहतात.