सिंगापूरची हॉरर नाइट: घरातल्या कोणाला न्यावं, कोणाला नाही

दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला निघालेल्या मुंबईकरांच्या यादीत युनिव्हर्सल स्टुडिओज असतंच. त्याच पार्कात सप्टेंबरअखेरपासून ठरावीक रात्री ‘हॅलोविन हॉरर नाइट्स’ हा भूतघरांचा, दचकवण्याचा कार्यक्रम भरतो, आणि बहुतेकांचा घोळ तिकिटापासूनच सुरू होतो. दिवसाच्या तिकिटावर रात्री आत थांबता येत नाही. कार्यक्रम असेल त्या दिवशी पार्क संध्याकाळी लवकर रिकामं करतात आणि नंतर वेगळ्या तिकिटावर नव्याने आत सोडतात. पॅकेजमध्ये ‘युनिव्हर्सल इन्क्लुडेड’ असं छापलेलं असलं तर ते दिवसाचं समजा. त्यात तुमची दिवसाची तारीख नेमकी हॉरर नाइटचीच निघाली, तर शेवटचे दोन-तीन तास हातचे जातात. पैसे भरण्याआधी एजंटला एवढं जरूर विचारा: आमची युनिव्हर्सलची तारीख हॉरर नाइटची आहे का? बरोबर लहान मुलं असतील तर उत्तर ‘नाही’ असायला हवं.

कार्यक्रम अव्वल दर्जाचा आहे, पण तो सहकुटुंब सहपरिवार जाण्याचा नाही. सोळा वर्षांच्या आतल्यांना आणू नका असं आयोजक स्वतः सांगतात आणि ते उगाच नाही. 2011 पासून हे चालू आहे (2020 आणि 2021 ही दोन वर्षं सोडून), आणि सेट, प्रकाश, मेकअप यांत ही मंडळी कसलेली आहेत. भूतघरात शिरलं की एका माणसापुरता बोळ, पायाखाली धूर, डोळ्यांवर लखलखणारा स्ट्रोब. रबरी पट्ट्यांचा पडदा हाताने सारावा तर त्याच क्षणी शेजारच्या भिंतीतली झडप खाडकन उघडते आणि कानाशी कोणीतरी किंचाळतं. नट अंगाला हात लावत नाहीत, पण दहा वर्षांच्या मुलाला हा नियम त्या क्षणी आठवणार नाही. भुतंही सगळी विलायती नसतात. मलायांची पोंटियानाक, म्हणजे बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत, आपल्या हडळीची सख्खी बहीण, इथे येऊन गेली आहे.

‘भूतघरात नको, नुसतं बाहेर फिरू’ हा बेतही फसतो. पार्कची रचना मधल्या तळ्याभोवती गोल आहे आणि ‘स्केअर झोन’, म्हणजे नट अचानक समोर येऊन दचकवतात ते भाग, चक्क रस्त्यावर असतात. एका टोकाकडून दुसरीकडे जायचं तर बहुधा त्यातूनच जावं लागतं. चॉकलेटं वाटणारं, मुलांनी नटूनथटून यायचं हॅलोविन हे नव्हे. पोशाख आणि मुखवटे घालून आलेल्यांना आत घेत नाहीत, तेव्हा लेकीने हौसेने घेतलेला चेटकिणीचा ड्रेस बॅगेत भरूच नका. गरोदर बायका, हृदयविकार असलेले आणि फिट्स येणारे यांनी सरळ टाळावं.

तारखांचं गणित दरवर्षी बदलतं. कार्यक्रम साधारण नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या आसपास आटोपतो. 2026 मध्ये अधिक महिना आल्यामुळे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला गेलंय, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत निघालात तर बहुतेक मांडव उठलेला असेल. 2027 मध्ये लक्ष्मीपूजन 29 ऑक्टोबरला आहे, तेव्हा दोन्ही जुळेल. विमानाचं भाडंही अर्थातच चढेल. शुक्रवार-शनिवार महाग आणि गर्दीचे, गुरुवार किंवा रविवार त्या मानाने बरे. तिकीट तारखेला बांधलेलं असतं. पावसाने रद्द होत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. ऑक्टोबरात सिंगापुरात पाऊस केव्हाही येतो. छत्री गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते, त्यापेक्षा पातळ पोंचो न्या.

जायचा दिवस कोणता? मुंबईहून रात्रीचं विमान पकडलं तर सकाळी जागरण घेऊनच उतरता, म्हणून पहिली रात्र नको. दुसरी मात्र उत्तम. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास आहे, त्यामुळे तिथल्या मध्यरात्री आपल्या शरीराच्या घड्याळात जेमतेम साडेनऊ वाजलेले असतात. हा फायदा तीन-चार दिवसांत संपतो.

मुख्य खर्च एक्स्प्रेस पासचा, म्हणजे लांब रांग टाळून आत सोडणाऱ्या पासाचा. तो कित्येकदा तिकिटाइतकाच महाग पडतो, पण शनिवारी एकेका घरासमोर तासाहून जास्त रांग लागते आणि घर पाच-सात मिनिटांत संपतं. लालबागला नवसाच्या रांगेत उभं राहणाऱ्यांना याचं फार वाटणार नाही. शनिवारच जमणार असेल तर पास घ्यावा. गुरुवारी तो वाया जातो. पासशिवाय जायचं असेल तर दार उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा, पहिलं भूतघर ओलांडून सगळ्यात लांबच्या घरापासून सुरुवात करा. आत शिरलेला लोंढा दारालगतच्या हॉलिवूड भागाजवळ अडकतो, तोवर तुमची दोन घरं उरकतात. भूतघरांच्या रांगा फुगलेल्या असताना मोजक्या राइड्स मात्र मोकळ्या सापडतात, त्या मधल्या वेळात करून घ्याव्यात.

आत एकमेकांना चिकटून आगगाडी करू नका. नट ठरावीक अंतराने दचकवतात. पुढच्याचं दचकणं मागच्याला आधीच दिसलं की मजा गेली. पुढच्या गटापासून सात-आठ पावलं सोडा. जो जास्त घाबरतो त्याला मधे ठेवा.

जेवण आधी करून घ्यावं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत आणि शाकाहारी माणसाचे रात्री हाल होतात. व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर फूड रिपब्लिक हे फूड कोर्ट आहे, आणि त्याच मजल्यावरून पार्क ज्या सेंटोसा बेटावर आहे तिथे जाणारी सेंटोसा एक्स्प्रेस ही छोटी रेल्वे सुटते. जाताना चार डॉलर, येताना फुकट, पहिलंच स्टेशन तुमचं. हॉटेल लिटल इंडिया किंवा फॅरर पार्ककडे घेतलंत तर मॉलखालच्या हार्बरफ्रंट स्टेशनहून एकच मेट्रो लाइन, मधे गाडी बदलायची गरज नाही. फक्त मध्यरात्रीच्या आसपास ती बंद होते आणि बारानंतर टॅक्सीवर दीडपट भाडं लागतं. साडेअकराला काढता पाय घेतलेला बरा.

आजी-आजोबा आणि धाकटी मंडळी त्या संध्याकाळी लिटल इंडियातच रमतील. सेरंगून रोडवर दिवाळीची रोषणाई असते आणि 1947 पासून चालू असलेल्या कोमला विलासमध्ये डोसा मिळतो. त्यांना कुठे लांब न्यायचं झालं तर रस्त्यावरची साधी टॅक्सी करा. 1.35 मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला ॲपवरच्या खासगी गाडीत चाइल्ड सीट सक्तीची आहे आणि ती नसली की ड्रायव्हर सरळ नकार देतो. टॅक्सीला ही अट नाही.