पेनड्राइव्हवर हलकं लिनक्स टाकायचंय: पपी, अँटीएक्स की टायनी कोअर?

जुना लॅपटॉप आहे, हार्डडिस्क गेलीये किंवा तिला हात लावायचा नाहीये, तर पेनड्राइव्हवर कुठलं लिनक्स टाकू असं विचारणारे बहुतेकजण रॅम किती लागते आणि आयएसओ (डाउनलोड करायची डिस्क-इमेज फाईल) केवढी आहे एवढंच बघतात. मी म्हणेन आधी हे बघा की तुम्ही केलेले बदल, म्हणजे वायफायचा पासवर्ड, नंतर टाकलेलं सॉफ्टवेअर, सेव्ह केलेली फाईल, हे सगळं मशीन बंद करताना जातं कुठे. रोजच्या वापरात वैताग येतो तो याच गोष्टीचा.

पपी २००३ मध्ये बॅरी कॉलरने सुरू केलं. रॅम पुरेशी असेल तर बूट होतानाच आख्खी सिस्टीम रॅममध्ये घेतं, त्यामुळे पेनड्राइव्ह स्लो असला तरी एकदा डेस्कटॉप आला की मेनू, फाईल मॅनेजर सगळं पटापट उघडतं. पहिल्यांदा शटडाउन करताना ते विचारतं, सेशन सेव्ह करायचं का, आणि इथेच घाई करू नका. पेनड्राइव्हचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर ठरलेल्या साईजची एक सेव्हफाईल बनते आणि ती ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. मी पहिल्यांदा ५१२ एमबीची बनवली होती, ब्राउझरच्या कॅशेनेच ती थोड्या दिवसांत भरली आणि मग साधं सॉफ्टवेअर टाकायलाही जागा उरली नाही. त्यापेक्षा पेनड्राइव्हवर एक ईएक्सटी४ (लिनक्सचा स्वतःचा फॉरमॅट) पार्टिशन करून तिथे सेव्हफोल्डर घ्या, त्याला अशी मर्यादा नाही, पार्टिशनवर जागा आहे तोवर चालतं. अजून एक, बदल आधी रॅममध्ये राहतात आणि पेनड्राइव्हवर नंतर उतरतात, त्यामुळे मध्येच लाईट गेली तर शेवटच्या सेव्हनंतरचं काम गेलं. डेस्कटॉपवर सेव्हचं बटण असतं, काही महत्त्वाचं लिहिलं की लगेच ते दाबायचं. पपीत तुम्ही कायम रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून काम करता, हे ज्यांना खटकतं त्यांनी पुढचं वाचा.

अँटीएक्स डेबियन या लिनक्सवर आधारलेलं आहे, त्यात सिस्टमडी (बहुतेक लिनक्समध्ये सगळ्या सेवा चालू करणारा प्रोग्राम) नाही, आणि पेनड्राइव्हवर कायमचं राहायचं असेल तर मला हेच सगळ्यात जास्त पटलंय. बदल कसे साठवायचे ते बूट मेनूतच निवडता येतं: रॅममध्ये ठेवून बंद करताना विचार, किंवा थेट पेनड्राइव्हवर लिहीत राहा. पहिला प्रकार फास्ट आणि पेनड्राइव्हला कमी झिजवणारा, दुसरा कमी रॅमवाल्यांसाठी. होम (आपल्या फाईली आणि सेटिंग) वेगळं आणि सिस्टीम वेगळी अशीही साठवता येते. आणि खरी कमाल म्हणजे रीमास्टर, टाकलेलं सगळं सॉफ्टवेअर मूळ कॉम्प्रेस्ड फाईलमध्ये मुरवून टाकतं आणि बदलांची जागा परत मोकळी होते. फक्त एक अट आहे, ही सोय हवी तर त्यांच्याच लाईव्ह यूएसबी मेकरने फुल फीचर्ड मोडमध्ये पेनड्राइव्ह बनवा, डीडी मोडमध्ये (आयएसओ जशीच्या तशी उतरवणारा) नको, त्यात बदल साठत नाहीत. म्हणजे आधी एका पेनड्राइव्हवरून अँटीएक्स चालू करा आणि तिथून दुसरा बनवा, जरा द्राविडी प्राणायाम आहे पण एकदाच करायचाय.

टायनी कोअर २५ एमबीच्या आत बसतं, ऐकायला भारी वाटतं, पण त्यात वायफायसुद्धा नसतं, त्यासाठी कोअरप्लस घ्यावं लागतं. प्रत्येक गोष्ट एक्सटेंशन (सॉफ्टवेअरचं वेगळं पॅकेज) म्हणून आपण जोडायची आणि आपल्या फाईली बॅकअपच्या यादीत आहेत ना हेही आपणच बघायचं. लिनक्स आतून कसं चालतं ते शिकायला मस्त, पण घरातल्या कुणाला वापरायला देणार असाल तर नकोच.

आता पेनड्राइव्ह बनवायचा कशाने, तर विंडोजवर रूफस सरळ आहे. कुठलं घ्यायचं ठरलंच नसेल तर व्हेंटॉय टाका, एकदा इन्स्टॉल केलं की आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या आणि बूट करताना यादीतून निवडायचं, चाखून बघायला याच्यासारखं काही नाही. पण बदल साठवायला व्हेंटॉयमध्ये वेगळी फाईल आणि सेटिंग करावी लागते, म्हणून पसंत पडलं की त्याचा स्वतंत्र पेनड्राइव्ह बनवा. डीडी कमांड वापरणार असाल तर एंटर मारायच्या आधी एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडने साईज बघून पेनड्राइव्ह ओळखा, एक अक्षर चुकलं की हार्डडिस्क साफ, परत विचारत नाही ते.

तर १ जीबीच्या आसपास रॅम आणि फक्त फाईली काढायच्या, थोडं लिहायचं एवढंच काम असेल तर पपी. २ जीबी किंवा जास्त रॅम असेल आणि रोज वापरणार, एपीटीने (डेबियनचं सॉफ्टवेअर टाकायचं साधन) सॉफ्टवेअर टाकणार असाल तर डोळे मिटून अँटीएक्स. फक्त ब्राउझरबद्दल अपेक्षा आवरा, १ जीबीत चार टॅब उघडले की यातलं कुठलंही लिनक्स असो, गुदमरतंच.