पाचशे बोर्ड, आकडा एकच

बोर्डचं प्रोग्रॅमिंग आणि कॅलिब्रेशन बाहेर देणार असाल, तर माझं काय झालं ते आधी वाचा.

मी सोलर दिव्यांसाठी बॅटरी कटऑफचे बोर्ड विकतो. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी १०.८ वर आली की लोड, म्हणजे दिवा, तोडायचा, एवढंच काम. आत एटीमेगा ३२८पी ही कंट्रोलर चिप. व्होल्टेज मोजायला चिपचाच आतला रेफरन्स, म्हणजे तुलनेचं ठरलेलं व्होल्टेज, वापरतो, तेवढेच पैसे वाचतात. पण हा रेफरन्स नावाला १.१ व्होल्ट, डेटाशीटप्रमाणे तो १.० ते १.२ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणून प्रत्येक बोर्डला बरोब्बर १२.०० व्होल्ट देऊन रेफरन्सचा खरा आकडा काढायचा (हेच कॅलिब्रेशन) आणि ईईप्रॉममध्ये, म्हणजे चिपच्या कायम राहणाऱ्या मेमरीत, लिहायचा. याचेच मी बोर्डमागे १८ रुपये जादा मोजले.

भोसरीतल्या एका जॉबवर्कवाल्याने ५०० बोर्ड दिले. सोबत सीरियल नंबरवार रिपोर्ट, प्रत्येकापुढे वेगळा आकडा आणि ‘ओके’. मी पैसे सोडले.

दोन महिन्यांत फोन सुरू. कुणाचा दिवा रात्री दहालाच विझतो, कुणाची नवीकोरी बॅटरी बसली. एकाच लॉटमध्ये दोन उलटे रोग, म्हणून मी आधी लोकांच्या वायरिंगलाच नावं ठेवली. शेवटी परत आलेला एक बोर्ड टेबलावर घेऊन सप्लाय हळूहळू उतरवला. ११.४८ लाच तुटला. दुसरा १०.२८ पर्यंत ओढत राहिला.

प्रोग्रॅमर लावून ईईप्रॉम वाचता येईना. कुणी कोड चोरू नये म्हणून लॉक बिट मारायला, म्हणजे चिप बाहेरून वाचणं बंद करायला, मीच सांगितलं होतं. ते जॉबवर्कवाल्याच्या पथ्यावर पडलं. पण बोर्ड चालू होताना सीरियल पोर्टवर रेफरन्सचा आकडा टाकतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. पहिला बोर्ड, १०८२ मिलिव्होल्ट. दुसरा, १०८२. स्टॉकमधले वीस काढले. वीसही १०८२.

आणि हा आकडा माझ्या ओळखीचा. नमुना म्हणून मी स्वतः कॅलिब्रेट करून दिलेल्या बोर्डचा! त्यातला डेटा उचलून पठ्ठ्याने सगळ्या चिपांत ओतला होता.

फोनवर म्हणाला, “साहेब, प्रोग्रॅम एक, चिप एक, मग आकडा वेगळा कसा येईल?” मग रिपोर्टात वेगवेगळे कुठून आले, असं विचारलं तर फोन कट. रिपोर्ट पुन्हा काढला. कॅलिब्रेशनची तारीख गुरुवारची. गुरुवारी त्याच्या शेडला सुट्टी असते, हे मला पक्कं ठाऊक. पण तारखेकडे बघतो कोण?

आता पैसे सोडण्याआधी लॉटमधले मला वाटतील ते दहा बोर्ड काढून आकडे वाचतो. ईईप्रॉममध्ये सीरियल नंबरही लिहायला लावतो. डेटा सरसकट ओतला तर स्टिकरशी नंबर जुळत नाही. १८ रुपयांप्रमाणे ९,००० गेले ते गेलेच, बॅटऱ्या भरून द्याव्या लागल्या ते वेगळंच. उरलेले बोर्ड रात्री जेवण झाल्यावर मीच करत बसतो. एकाला दोन मिनिटं लागतात.