डॉसच्या जुन्या पीसीला नेटवर्कवर आणायचंय? जुन्या सॉफ्टवेअरचे बॉक्स शोधत बसू नका, एमटीसीपी घ्या

आमच्या फोंड्याच्या घरी काकांचा जुना ४८६ पीसी आहे, डीएक्स२-६६, ८ एमबी रॅम, डॉस ६.२२ (काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची जुनी सिस्टिम). देवस्थानच्या महाजनांची (म्हणजे हक्काच्या सभासद घराण्यांची) यादी आणि वर्गणीचा हिशेब काकांनी वर्षानुवर्षं त्यावर फॉक्सप्रो २.६ या डेटाबेस प्रोग्राममध्ये ठेवलाय, तोही मराठीत, सी-डॅकचं जिस्ट कार्ड (डॉसवर देवनागरी दाखवणारं) घालून. यंदा चवथीला सगळे जमलो तेव्हा म्हणाले, "अरे बाबा, हे सगळं तुझ्या त्या लॅपटॉपमध्ये घालून दे, ही पेटी आज आहे उद्या नाही." मी पण जेवणाच्या धुंदीत हो म्हणून बसलो.

फ्लॉपीने काढायचं म्हटलं तर १.४४ एमबीच्या वीसेक लागल्या असत्या, आणि पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे फ्लॉपीचं काय घेऊन बसलात. पत्र्याचं झाकण सरकवून बघितलं तर आत काळ्या चकतीवर पांढरे ठिपके, ओल्या पापडावर येतात तसे. असली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की हेड पण खराब, मग चांगलीसुद्धा वाचत नाही. हार्ड डिस्क काढून दुसरीकडे लावू म्हटलं तर काका हात लावू देईनात. राहिलं नेटवर्क.

इथे मी पहिली चूक केली ती म्हणजे "ओरिजिनल" सॉफ्टवेअरच्या मागे लागलो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून नोव्हेल कंपनीच्या नेटवेअर लाइटचा (डॉसचे पीसी एकमेकांना जोडणारं सॉफ्टवेअर) बॉक्स मागवला, ९०० रुपये अधिक कुरियर, बॉक्स झकास, मॅन्युअल कोरं करकरीत, आणि फ्लॉप्या? तेच पांढरे ठिपके. पैसे परत मागितले तर म्हणे कलेक्शनसाठी विकलंय, चालण्यासाठी नाही. नंतर लक्षात आलं की चाललं असतं तरी उपयोग शून्य, कारण १९९१ चं हे सॉफ्टवेअर आयपीएक्स या नोव्हेलच्या जुन्या नेटवर्क-भाषेत बोलतं आणि आजच्या लॅपटॉपला ती भाषाच कळत नाही.

मग मायक्रोसॉफ्टचा नेटवर्क क्लायंट ३.०. हा शोधायला सोपा आहे, विंडोज एनटी सर्व्हर ४.० च्या सीडीवर क्लायंट्सच्या फोल्डरमध्ये दोन डिस्कांचा सेट पडलेलाय, जुन्या एखाद्या ऑफिसात ती सीडी सापडते. बसतो पण नीट, मेनूबिनू सगळं आहे. पण डॉसच्या प्रोग्रामांना मिळणाऱ्या ६४० केबी मेमरीतला मोठा लचका तोडतो, म्हणजे मग फॉक्सप्रो कुरकुरतो, आणि बोलतो एसएमबीच्या (विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या भाषेच्या) पहिल्या आवृत्तीत, जी विंडोज १० ने २०१७ च्या अपडेटपासून आपणहून टाकायची बंद केली आणि लिनक्सवर तेच काम करणाऱ्या सांबाने २०१९ मध्ये. ती जुनी, असुरक्षित आवृत्ती मुद्दाम परत चालू करावी लागते. महाजनांच्या यादीसाठी मी लॅपटॉपचं दार उघडं टाकणार नाही, सॉरी.

शेवटी एमटीसीपी, डॉससाठीच्या नेटवर्क प्रोग्रामांचा संच. मायकल ब्रुटमन नावाच्या एका माणसाचं काम, फुकट, सोर्स कोडसकट जीपीएल या मुक्त लायसन्सखाली, आणि अजून त्यात भर घालतोय. ४८६ सोडा, १९८४ च्या आयबीएम पीसीज्युनिअरवरसुद्धा चालतं. प्रत्येक काम वेगळ्या छोट्या प्रोग्रामात: राउटरकडून आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता मागणारा डीएचसीपी, पिंग, टेलनेट, फाइली हलवणारा एफटीपी, वेळ जुळवणारा एसएनटीपी. हवं तेवढंच घ्या. मला लागलेलं सगळं ड्रायव्हरसकट एका फ्लॉपीत मावलं (एक चांगली फ्लॉपी सापडली हो शेवटी, आणि ड्राइव्हचं हेड आयसोप्रोपिलने पुसून घेतलं).

नेटवर्क कार्ड म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालं, कुळागरातल्या सुपाऱ्या आणि जुने मिक्सर यांच्या मधे एकजण पाटीभर पीसीबी घेऊन बसतो, १५० ला डी-लिंकचं डीई-२२०, जुन्या आयसा स्लॉटचं, एनई२००० कंपॅटिबल (म्हणजे त्या प्रसिद्ध कार्डाचे ड्रायव्हर याला चालतात). कंपनीचं ऑफिस आमच्याच वेर्ण्याला, म्हणजे तसं गावचंच कार्ड.

आता खरी मेख सांगतो, यात माझे दोन रविवार गेले. एमटीसीपीला खाली पॅकेट ड्रायव्हर (कार्डाशी बोलणारा छोटा प्रोग्राम) लागतो, एनई२००० डॉट कॉम नावाची फाइल, क्रिनवर (Crynwr) नावाच्या ड्रायव्हर कलेक्शनमध्ये आहे. पण नोव्हेलच्या ओडीआय या वेगळ्याच पद्धतीच्या ड्रायव्हरच्या फाइलचं नाव पण हुबेहूब एनई२००० डॉट कॉम! मी कार्डाच्या जुन्या ड्रायव्हर डिस्कमधली उचलली, ती रन केली की एलएसएल (ओडीआयचा आधी चालवायचा प्रोग्राम) लोड नाही म्हणून रडायची, आणि मी कार्डच मेलंय समजून खोडरबराने त्याचे सोनेरी दात घासत बसलो. दोन्ही फाइली वेगळ्या फोल्डरात ठेवा बाबांनो. दुसरं, असल्या कार्डांना आयआरक्यू ३ वर (आयआरक्यू म्हणजे कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती लाइन) बसायची खोड, आणि तिथे कॉम२, म्हणजे दुसरा सिरियल पोर्ट, आधीच ठाण मांडून असतो. कार्डाच्या सेटअप प्रोग्रामातून आयआरक्यू १० केलं, पत्ता ३०० हेक्स, ड्रायव्हरला सॉफ्टवेअर इंटरप्ट ६० हेक्स दिला आणि डीएचसीपी मारलं. दोन सेकंदात राउटरने आयपी दिला. काकांच्या पेटीला! मी उठून काकूला बोलावून दाखवलं, ती म्हणाली बरं, आता जेवायला ये.

मग ४८६ वरच एमटीसीपीचा एफटीपी सर्व्हर चालू केला, लॅपटॉपवर फाइलझिला हा एफटीपी प्रोग्राम उघडला तर सी ड्राइव्ह फोल्डरासारखा समोर. काही न पुसता फॉक्सप्रोच्या सगळ्या डीबीएफ फाइली चहा होईपर्यंत आल्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण कॉन्फिग फाइल हातानेच लिहावी लागते, पासवर्डची वेगळी फाइल, लॉगची वेगळी, एक ओळ चुकली की सर्व्हर उठतच नाही. मॅन्युअल चांगलंय पण वाचावं लागतं, आणि आपण वाचत नाही. टीएलएस (वेबसाइटच्या https मागचं एन्क्रिप्शन) नाही, म्हणजे आजच्या बहुतेक साइट्स उघडणार नाहीत, आणि एफटीपीचा पासवर्ड तारेतून उघडाच जातो, तेव्हा घरच्या राउटरच्या आतच वापरा.

काका मात्र अजून खूश नाहीत. यादी इस्कीमध्ये (युनिकोडच्या आधीच्या भारतीय लिप्यांच्या कोडमध्ये) आहे ना, लॅपटॉपवर नावांच्या जागी टोप्या आणि टिंबं घातलेली युरोपियन अक्षरं दिसतात, म्हणाले पोर्तुगीज परत आले की काय. युनिकोडमध्ये बदलायचं काम चालू आहे, कामत आणि केरकरांपर्यंत आलोय.