आईची दुर्बिणीतून तपासणी, परळ

आईचं पोट वाढतंय हे तिला परकराच्या नाडीवरून कळलं. गाठ मारायला नाडी पुरेना. आधी गॅसच्या गोळ्या झाल्या. मग डोंबिवलीतल्या एका डॉक्टरांनी पोटात पाणी बघून टीबीची औषधं सुरू केली. रक्तातलं सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कर्करोगात वाढणारं प्रथिन, चारशेच्या वर होतं (नॉर्मल ३५ पर्यंत), पण ते टीबीतही वाढतं. सीटीत अंडाशयात गाठ दिसली नाही. दोन महिने असेच गेले.

परळच्या रुग्णालयातल्या मॅडम म्हणाल्या, "काकू, तुकडा तपासल्याशिवाय मी टीबीचंही औषध देणार नाही आणि केमोही नाही." हेच आधी कुणी का म्हटलं नाही, याचा राग अजून जात नाही.

तुकडा दुर्बिणीतून कसा काढतात ते त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं. बेंबीपाशी १० मिलिमीटरचं छिद्र, तिथून कॅमेरा. बाजूला ५ मिलिमीटरची दोन. आत नीट दिसावं म्हणून पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवायचं. नंतर मला बोलावून फोटो दाखवले. आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर साबुदाण्यासारखे पांढरे दाणे! इतके बारीक दाणे सीटीत सुटू शकतात. टीबीतही असेच दिसतात, म्हणून काही तुकडे वेगळे, सलाइनमध्ये ठेवून टीबीच्या तपासणीला पाठवले.

शुद्धीवर आल्यावर आईने विचारलं, "पोटाचं ऑपरेशन नि खांदा का गं दुखतोय?" सिस्टरने लगेच समजावलं, आत राहिलेल्या गॅसमुळे होतं, दोन दिवसांत जाईल. गेलंही. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

रुग्णालयाच्या रेटिंगमधला एक तारा कापतेय तो संमतीपत्रासाठी. फक्त इंग्रजीत होतं, तेही ऐनवेळी पुढे केलं. स्ट्रेचरजवळ उभं राहून मी एकेक ओळ मराठीत सांगितली, तेव्हा आईने सही केली. परळमध्ये मराठी फॉर्म नसावा?

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. टीबी नाही, अंडाशयाचा कर्करोग. पसरलेला आहे म्हणून आधी तीन केमो, मग मोठं ऑपरेशन. दुसरी केमो परवा झाली. पोटातलं पाणी कमी झालंय, आई आता अर्धी भाकरी खाते.

तिथे जाणार असाल तर स्लाइड आणि ब्लॉक (तुकड्याचे काचेवरचे काप आणि मेणात जपलेला तुकडा) अर्ज करून मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला गेलो, तर त्यांनी पहिल्यांदा तेच मागितलं.